अठरा पैशांची मैफल

नाट्यगृहाबाहेर ‘मदतनिधीसाठी विशेष प्रयोग’ असा फलक लागला की तिकिटाच्या रांगेत एक तरी चिकित्सक गृहस्थ हमखास असतो. त्याचा मुद्दा सरळ असतो. मदतच करायची आहे ना? मग पेटी फिरवा, पैसे गोळा करा आणि पाठवून द्या. सभागृहाचं भाडं, ध्वनिव्यवस्था, जाहिरात, पाहुण्यांची शाल आणि श्रीफळ, एवढं सगळं करून उरतील ते पैसे आपद्ग्रस्तांना, हा कुठला हिशेब?

गृहस्थांना हसण्यात अर्थ नाही, कारण त्यांचं गणित बरोबर आहे. ते तपासायला या जातीतला जगातला एक अतिशय गाजलेला कार्यक्रमच घेऊ. १ ऑगस्ट १९७१, रविवार. न्यूयॉर्कचं मॅडिसन स्क्वेअर गार्डन. एक दुपारचा आणि एक रात्रीचा असे दोन कार्यक्रम, मिळून सुमारे ४०,००० श्रोते. मंचावर पंडित रविशंकर, उस्ताद अली अकबर खाँ, उस्ताद अल्लारखा आणि तानपुऱ्यावर कमला चक्रवर्ती. त्यांच्यानंतर बीटल्स या गाजलेल्या ब्रिटिश बँडमधले जॉर्ज हॅरिसन आणि रिंगो स्टार, शिवाय बॉब डिलन, एरिक क्लॅप्टन. नाव ‘द कॉन्सर्ट फॉर बांगला देश’. पूर्व पाकिस्तानातून, म्हणजे आजच्या बांगलादेशातून, जीव मुठीत धरून भारतात आलेल्या निर्वासितांसाठी, विशेषतः त्यांच्या मुलांसाठी, हा खटाटोप होता. तिकिटांचे २,४३,४१८ डॉलर आणि ५० सेंट जमले. तेव्हाच्या साडेसात रुपयांच्या दराने सव्वाअठरा लाख रुपये.

आता भागाकार करा. भारतात आलेले निर्वासित जवळपास एक कोटी. माणशी अठरा पैसे.

अठरा पैशांत १९७१ सालीसुद्धा कुणाचं पोट भरत नव्हतं. निर्वासितांना वर्षभर सांभाळायला सुमारे ७० कोटी डॉलर लागतील, असा जागतिक बँकेचा अंदाज होता. म्हणजे गरज दहा हजार रुपयांची धरली तर मैफलीचा वाटा साडेतीन रुपये. तरीही अर्धशतक उलटून गेल्यावर या मैफलीचं नाव निघतं, आणि नंतरच्या मोठमोठ्या मदत-मैफलींनी तिचाच कित्ता गिरवला. तेव्हा एक तर सगळं जग भाबडं असलं पाहिजे, किंवा अशा कार्यक्रमात तिकिटाच्या पैशापलीकडे आणखी काही घडत असलं पाहिजे.

एक कोटी माणसं घर कशी सोडतात

१२ नोव्हेंबर १९७० च्या रात्री भोला चक्रीवादळ पूर्व पाकिस्तानच्या किनाऱ्यावर आदळलं. मृतांचा आकडा किमान तीन लाख, काही अंदाजांनुसार पाच लाख. इस्लामाबादच्या सरकारने मदतीत जी ढिलाई दाखवली, तिचा राग महिन्याभरात मतपेटीत उतरला. डिसेंबरच्या निवडणुकीत पूर्व पाकिस्तानातल्या १६२ सर्वसाधारण जागांपैकी १६० अवामी लीग या पक्षाने जिंकल्या. बहुमत मिळाल्याने देशाची सत्ता त्यांच्याकडे जायला हवी होती. ती देण्याऐवजी २५ मार्च १९७१ च्या रात्री ढाक्यात लष्कर उतरवण्यात आलं. कत्तली सुरू झाल्या आणि माणसं सीमेकडे चालू लागली.

इथे एक भेद लक्षात घेतला पाहिजे. घर सोडून आपल्याच देशात दुसरीकडे आसरा घेणारा माणूस ‘विस्थापित’. आंतरराष्ट्रीय सीमा ओलांडली की तो ‘निर्वासित’. दुःख तेच, पण मदतीचे दरवाजे वेगळे. सीमा ओलांडलेल्यांची नोंद होते, शिधापत्रिका मिळते, संयुक्त राष्ट्रांची निर्वासितविषयक संस्था त्यांच्यासाठी आवाहन करू शकते. जे सीमेपर्यंत पोचलेच नाहीत, एका गावातून दुसऱ्या गावात लपत राहिले, त्यांची मोजदाद करणारं १९७१ मध्ये कुणी नव्हतं. आणि ज्यांची मोजदाद नाही, त्यांच्यासाठी मैफलीही होत नाहीत.

> चौकट: कोणत्या राज्यात किती? (१९७१ अखेर)
> पश्चिम बंगाल: ७४,९३,४७४
> त्रिपुरा: १४,१६,४९१
> मेघालय: ६,६७,९८६
> आसाम: ३,१२,७१३
> बिहार: ८,६४१
> एकूण: ९८,९९,३०५
>
> यांपैकी सुमारे ६८ लाख आठशेहून अधिक छावण्यांत होते. उरलेले ३१ लाख नातेवाईक, ओळखीपाळखीचे लोक यांच्या घरी. १९७१ च्या जनगणनेत त्रिपुराची स्वतःची लोकसंख्या साडेपंधरा लाखांच्या आसपास होती. तिथे जवळजवळ प्रत्येक रहिवाशामागे एक निर्वासित आला.

चौकटीतला तो ३१ लाखांचा आकडा मला फार महत्त्वाचा वाटतो. त्या वर्षातली सर्वात मोठी खासगी मदत त्रिपुरातल्या आणि बंगालमधल्या साध्या घरांनी केली, आणि तिची पावती कुणी फाडली नाही. मैफलींबद्दल लिहिताना हे विसरलं तर हिशेबच चुकेल.

शब्द कुणी टाकला

निधी गोळा करणाऱ्या कुठल्याही कार्यकर्त्याला ठाऊक असतं की लोक कारण पाहून देतात त्याहून जास्त मागणारा पाहून देतात. ओळखीचा माणूस दारात उभा राहिला की पावतीपुस्तकावर आकडा आपोआप वाढतो.

रविशंकरांचा जन्म बनारसचा, पण घराण्याची मुळं पूर्व बंगालात. गुरू बाबा अलाउद्दीन खाँ तिकडच्याच ब्राह्मणबाडियाचे, आणि अली अकबर हे त्यांचे चिरंजीव. म्हणजे मंचावर जे वाजणार होतं, ते उद्ध्वस्त होत असलेल्या त्याच भूमीतून आलेलं होतं. १९७१ च्या उन्हाळ्यात रविशंकर अमेरिकेत होते. एखादा कार्यक्रम करून २५,००० डॉलर जमवावेत, असं त्यांच्या मनात होतं. ते त्यांनी हॅरिसनला बोलून दाखवलं. दोघांची मैत्री १९६६ पासूनची. त्याच वर्षी सप्टेंबरात हॅरिसन सतार शिकायला मुंबईत येऊन ताजमध्ये राहिला होता, आणि बीटल्सपैकी एक जण शहरात आहे हे फुटल्यावर हॉटेलखाली गर्दी लोटली होती. अल्लारखा तर मुंबईकरच. त्यामुळे न्यूयॉर्कच्या या मैफलीचा एक धागा मुंबईच्या तालमीच्या खोल्यांतून जातो.

पुढे हॅरिसनने काही आठवडे फोनला चिकटून एकेकाला गळ घातली. ‘जगात इतकी संकटं असताना याच संकटासाठी का?’ असं पत्रकार परिषदेत विचारल्यावर त्याने दिलेलं उत्तर अगदी साधं होतं: मित्राने मदत मागितली म्हणून. एखाद्या तज्ज्ञाने यापेक्षा भारदस्त उत्तर दिलं असतं, पण पैसे यापेक्षा कमी जमले असते.

गर्दीमागे दुसरंही कारण होतं. बीटल्स वर्षभरापूर्वीच फुटले होते. डिलन १९६६ च्या मोटारसायकल अपघातानंतर क्वचितच मंचावर दिसायचा. जे सहसा मिळत नाही ते एका दिवशी एकाच ठिकाणी मिळणार म्हटल्यावर तिकिटं हातोहात गेली. तिकिटं घेणाऱ्यांतल्या बहुतेकांना पूर्व पाकिस्तान नकाशावर दाखवता आलं नसतं, आणि नेमकं तेच या योजनेचं बळ होतं. ज्यांना आधीच कळवळा आहे त्यांना मैफल लागत नाही. ते मनीऑर्डर करून मोकळे होतात.

कलावंतांनी मानधन घेतलं नाही, हा यातला सर्वात निर्णायक आकडा, जरी तो शून्य असला तरी. मदतीच्या कार्यक्रमात ‘ढोबळ जमा’ म्हणजे गल्ल्यात आलेले सगळे पैसे आणि ‘निव्वळ शिल्लक’ म्हणजे खर्च वजा जाता उरलेले. या दोहोंत सर्वात मोठी दरी पाडतो तो कलावंताचा आणि त्याच्या लवाजम्याचा खर्च. तो माफ झाला तरच चिकित्सक गृहस्थांचं गणित उलटवता येतं.

सुरुवात भारतीय वाद्यांनी झाली. वादक वाद्यं जुळवत होते, ते संपल्यावर सभागृहात टाळ्यांचा कडकडाट झाला. नुसतं जुळवणं एवढं आवडलं असेल तर वादन अधिक आवडेल अशी आशा करतो, असं रविशंकर म्हणाले. सवाई गंधर्व महोत्सवाच्या मांडवात कुणी अशी दाद दिली असती तर शेजारच्याने वळून पाहिलं असतं. पण माणसं ऐकायला तयार होती, आणि त्या दिवशी तेवढं पुरेसं होतं.

बातमीला तारीख लागते

निर्वासितांचे लोंढे रोज येतात. वर्तमानपत्राच्या दृष्टीने तीच अडचण. काल पन्नास हजार आले, आज पन्नास हजार आले, उद्याही येतील. यात ‘आजची बातमी’ कोणती? संकट संथपणे, अखंड चालू असलं की ते आतल्या पानावर सरकतं. कार्यक्रम त्या संकटाला एक तारीख, एक ठिकाण आणि ओळखीचे चार चेहरे देतो. मग ज्या संपादकाला छावणीवर रकाना देता येत नव्हता, त्याला मैफलीवर पान देता येतं, आणि त्या पानात छावणीही येते.

त्या वर्षी खरी माहिती बाहेर काढणारी पत्रकारिता झालीच होती. १३ जून १९७१ च्या लंडनच्या ‘संडे टाइम्स’मध्ये अँथनी मास्करेन्हस यांचा लेख आला. मास्करेन्हस गोव्याच्या कुटुंबातले, जन्म बेळगावचा, शिक्षण आणि नोकरी कराचीत. पाकिस्तानी लष्कराने काही पत्रकारांना अनुकूल लिहिण्यासाठी पूर्वेला नेलं, त्यात तेही होते. त्यांनी पाहिलं ते लपवणं त्यांना शक्य झालं नाही. आधी बायकामुलांना देशाबाहेर काढलं आणि मग नरसंहाराची हकिकत छापली. त्या लेखाने सरकारं हलली. पण लेख वाचतो तो जागतिक घडामोडींचं पान उघडणारा माणूस. डिलनसाठी रांगेत उभा राहिलेला एकोणीस वर्षांचा मुलगा वेगळा. त्याच्यापर्यंत ‘बांगला देश’ हे शब्द पोचले ते तिकिटावरून.

आणि ते शब्द त्या क्षणी निरुपद्रवी नव्हते. अमेरिकी सरकार पाकिस्तानचे लष्करी शासक याह्या खान यांच्या पाठीशी होतं. भारताने स्वतः बांगलादेशाला मान्यता दिली ती ६ डिसेंबरला, अमेरिकेने तर एप्रिल १९७२ मध्ये. म्हणजे ज्या देशाला अजून कुणी देश मानत नव्हतं, त्याचं नाव न्यूयॉर्कच्या सर्वात मोठ्या सभागृहावर झळकलं. हॅरिसनने त्याच नावाचं गाणंही दोन-चार दिवस आधी बाजारात आणलं होतं. त्याच ऑगस्टमध्ये सिनेटर एडवर्ड केनेडी भारतातल्या छावण्या पाहून गेले, आणि अमेरिकी काँग्रेसमध्ये पाकिस्तानची मदत रोखण्याची भाषा सुरू झाली. हे सगळं गाण्यामुळे घडलं असं म्हणणं अतिशयोक्तीचं होईल. पण आपल्या मतदारसंघातली पोरंसुद्धा हे नाव उच्चारू लागली की लोकप्रतिनिधीला त्या विषयाकडे पाठ फिरवणं अवघड जातं, एवढं मात्र खरं.

मैफलीच्या आठवडाभर आधी, २५ जुलैला, पश्चिम बंगालमधल्या कृष्णनगरला फुटबॉलचा एक सामना झाला. परागंदा झालेल्या खेळाडूंनी ‘स्वाधीन बांगला फुटबॉल दल’ बांधलं होतं. समोर नदिया जिल्ह्याचा संघ. सामन्याआधी बांगलादेशाचा ध्वज फडकवला गेला. मान्यता नसलेल्या देशाचा ध्वज आपल्या भूमीवर फडकू दिला म्हणून जिल्हाधिकाऱ्यांवर तात्पुरत्या निलंबनाची पाळी आली. परागंदा खेळाडूंचा हा संघ पुढे गावोगावी खेळला, मुंबईतही आला, आणि तिथल्या सामन्यात प्रतिस्पर्ध्यांच्या बाजूने क्रिकेटपटू मन्सूर अली खान पतौडी उतरले. जमलेला पैसा बांगलादेशाच्या हंगामी सरकारच्या मुक्तिलढ्याच्या निधीला गेला. त्यामुळे ही मदत आणि छावणीतल्या दुधासाठीची मदत एका रकान्यात बसत नाही. संयुक्त राष्ट्रांच्या संस्थांना लढ्याच्या निधीजवळ उभंही राहता येत नाही. पण मला हा सामना मॅडिसन स्क्वेअरपेक्षा एका बाबतीत सरस वाटतो. तिथे ज्यांच्यासाठी कार्यक्रम होता, त्यांच्यापैकी कुणी मंचावर नव्हतं. इथे घर गमावलेली माणसं स्वतः मैदानात होती, बूट घालून, ताठ मानेने.

एक मूल आणि एक कोटी

मैफलीच्या ध्वनिमुद्रिकेच्या वेष्टनावर एका हाडकुळ्या मुलाचं छायाचित्र होतं, पुढ्यात रिकामं भांडं. असंच चित्र का निवडतात?

याचं उत्तर बऱ्याच नंतर, २००७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात सापडतं. डेबोरा स्मॉल, जॉर्ज लोवेनस्टीन आणि पॉल स्लोविक या अमेरिकी संशोधकांनी लोकांना पाच-पाच डॉलर दिले आणि त्यातले हवे तेवढे आफ्रिकेतल्या भुकेल्यांसाठी द्यायला सांगितलं. एका गटाला माली देशातल्या रोकिया नावाच्या सात वर्षांच्या मुलीची गोष्ट आणि चित्र दाखवलं. दुसऱ्या गटाला लाखो भुकेल्यांची आकडेवारी दिली. रोकियासाठी सरासरी २.३८ डॉलर निघाले, आकडेवारीसाठी १.१४. खरी गंमत तिसऱ्या गटात. त्यांना मुलगी आणि आकडेवारी दोन्ही एकत्र दाखवली, तेव्हा सरासरी १.४३ वर आली. आकड्यांनी कळवळा वाढवला नाही, उलट कमी केला. एका मुलीला आपण वाचवू शकतो असं वाटतं. तिच्यामागे लाखो उभे दिसले की ‘आपल्या दोन डॉलरने काय होणार’ हा विचार डोकं वर काढतो.

म्हणून मदतीच्या जाहिरातीत एकच चेहरा असतो. युक्ती चालते यात वाद नाही. तिची किंमत अशी की निर्वासित म्हणजे कायम रिकामं भांडं घेऊन बसलेला कुणीतरी, ही प्रतिमा पक्की होते. त्या कोटीभर लोकांत शिक्षक होते, वकील होते, विणकर होते, फुटबॉलपटू तर आपण पाहिलेच.

पाणी सोडलं, चारी काढली नव्हती

धरणातून पाटाला आवर्तन सुटतं, पण पाटापासून शेतापर्यंत चारी काढलेली नसेल तर पाणी वाटेतच मुरतं, आणि शेपटाकडचा शेतकरी कोरडाच राहतो. १९७१ च्या मैफलीत पैशाचं नेमकं हेच झालं.

तिकिटांचा पैसा झटपट पोचला. १२ ऑगस्टला युनिसेफच्या, म्हणजे संयुक्त राष्ट्रांच्या बालनिधीच्या, नावे धनादेश निघाला. पण ती रक्कम लहान होती. मोठा पैसा यायचा होता ध्वनिमुद्रिका आणि चित्रपट यांतून. मैफल एकदाच होते. तिची तबकडी वर्षानुवर्षं विकली जाते. चिकित्सक गृहस्थांच्या गणितात हीच बाजू सुटलेली असते.

तबकडीचं घोडं अडलं ते कंपन्यांमध्ये. प्रत्येक कलावंत वेगवेगळ्या कंपनीशी करारबद्ध. कुणाचा आवाज कुणाच्या तबकडीवर चालेल, विक्रीचा नफा कोण सोडणार, यावर महिनोन्‌महिने वाटाघाटी चालल्या. शेवटी तीन तबकड्यांचा संच अमेरिकेत आला २० डिसेंबर १९७१ ला. चारच दिवस आधी, १६ डिसेंबरला, ढाक्यात पाकिस्तानी सैन्याने शरणागती पत्करली होती. १९७२ च्या वसंतापर्यंत बहुतांश निर्वासित परतही गेले.

त्याहून मोठा अडथळा करखात्याचा. अमेरिकेत धर्मादाय कामाचं उत्पन्न करमुक्त असतं, पण त्यासाठी नोंदणीकृत धर्मादाय संस्था कागदोपत्री आधीपासून त्यात असावी लागते. मैफल घाईघाईत उभी राहिली; युनिसेफला रीतसर आधी गुंतवलंच नव्हतं. त्यामुळे करखात्याच्या लेखी तबकडीचं उत्पन्न हे एका व्यापारी कंपनीचं उत्पन्न ठरलं आणि त्याची तपासणी सुरू झाली. ती जवळपास दहा वर्षं चालली. त्याआधी सुमारे २० लाख डॉलर युनिसेफकडे गेले होते. उरलेल्यातले ८८ लाख डॉलर १९८१ मध्ये सुटले. ब्रिटनमध्ये वेगळीच तऱ्हा. तबकडीवरचा खरेदी कर माफ करा, अशी विनंती हॅरिसनने तिथल्या अर्थखात्याला केली. ती फेटाळली गेली, आणि १९७३ मध्ये त्याला स्वतःच्या खिशातून दहा लाख पौंडांचा धनादेश ब्रिटिश तिजोरीला द्यावा लागला. दानाच्या कामात एवढी पदरमोड क्वचितच कुणाला करावी लागली असेल.

१९८५ पर्यंत एकूण रक्कम एक कोटी वीस लाख डॉलरच्या जवळ गेली होती, म्हणजे तिकिटांच्या जवळपास पन्नासपट. ती वाया गेली नाही. युनिसेफचं काम मुलांचं, आणि बांगलादेशातल्या मुलांना १९८१ मध्येही गरज होतीच. पण १९७१ च्या पावसाळ्यात कोलकात्याच्या सॉल्ट लेकच्या छावणीत सिमेंटच्या मोठाल्या नळांमध्ये संसार मांडून बसलेल्या बाईला त्यातलं काही मिळालं नाही.

तेव्हा कुठल्याही मदत-कार्यक्रमाचं तिकीट घेताना विचारायचं ते हे: पैसा कोणत्या नोंदणीकृत संस्थेच्या खात्यात, थेट की आयोजकांच्या खात्यातून वळसा घेऊन जाणार? खर्च आधी वजा होणार की प्रायोजक उचलणार? आणि चित्रीकरणाचे, पुनःप्रक्षेपणाचे हक्क कुणाकडे? तिसरा प्रश्न विचारणारा माणूस मला आजवर भेटलेला नाही, पण पैसा बहुतेकदा तिथेच असतो.

दर पाकिटामागे पाच पैसे

न्यूयॉर्कच्या झगमगाटात एक गोष्ट झाकली जाते. बाहेरच्या सरकारांनी संयुक्त राष्ट्रांमार्फत दिलेली मदत सुमारे १८ कोटी डॉलरच्या घरात होती. वरच्या ७० कोटींशी ताडून पाहा. उरलेला भार भारताने, म्हणजे भारतातल्या करदात्याने, उचलला.

१५ नोव्हेंबर १९७१ पासून बहुतेक टपालावर नेहमीच्या तिकिटाशेजारी पाच पैशांचं जादा तिकीट लावणं सक्तीचं झालं. सुरुवातीला नवीन तिकिटं छापायला वेळ नव्हता, म्हणून कुटुंबनियोजनाच्या पाच पैशांच्या तिकिटावरच ‘शरणार्थी सहायता’ असा शिक्का मारला गेला. छोटं सुखी कुटुंब आणि त्यावर निर्वासितांचा शिक्का! १ डिसेंबरला नाशिकरोडच्या छापखान्यातून निर्वासितांचं चित्र असलेलं स्वतंत्र तिकीट आलं. रेल्वे आणि विमानाच्या प्रवासभाड्यावरही कर बसला. टपालाची सक्ती ३१ मार्च १९७३ पर्यंत होती. सांगलीतल्या माणसाने साताऱ्याच्या मेव्हण्याला पाकीट पाठवलं तरी त्यात पाच पैसे पश्चिम बंगालमधल्या बोनगावच्या छावणीचे होते. मैफलीचे माणशी अठरा पैसे, म्हणजे अशी चार पाकिटंसुद्धा नाहीत.

कर आणि दान यांच्यातला फरक इथे लख्ख दिसतो. कर सक्तीचा, म्हणून भरवशाचा. पण पाकिस्तान काय करतोय हे तो जगाला सांगू शकत नाही. दान लहरी, पण त्याला आवाज असतो.

पैशाचं छावणीत काय होतं

जून १९७१ मध्ये बोनगावच्या रुग्णालयात पटकीचे रोगी जमिनीवर दाटीवाटीने पडलेले होते. शिरेतून द्यायचं सलाइन संपत आलं होतं, ते लावायला प्रशिक्षित हात नव्हते. डॉ. दिलीप महालनबीस यांनी एक धाडसी निर्णय घेतला. ग्लुकोज २२ ग्रॅम, मीठ ३.५ ग्रॅम, खाण्याचा सोडा २.५ ग्रॅम, लिटरभर पाण्यात. हे मिश्रण मोठ्या पिंपांत भरून त्यांना तोट्या बसवल्या, आणि पाजायचं काम सोपवलं रोग्याच्याच आई-बापांवर, भावंडांवर. मृत्यूचं प्रमाण शंभरात वीस-तीसवरून चारच्याही खाली आलं. साखरेच्या सोबतीने आतडं मीठ आणि पाणी शोषून घेतं, एवढंच त्यामागचं शास्त्र. आज औषधाच्या दुकानात मिळणाऱ्या ओआरएसच्या पुडीला जगमान्यता मिळवून देणाऱ्या घटनांत बोनगावची ही छावणी अग्रभागी आहे. महालनबीस यांना २०२३ मध्ये मरणोत्तर पद्मविभूषण मिळालं.

या कामाला न्यूयॉर्कच्या तिकिटांचा पैसा लागला नव्हता. मैफल तेव्हा ठरायची होती. पण मदत रोख का हवी, ते यातून कळतं. ग्लुकोज, मीठ आणि सोडा कोलकात्याच्या बाजारात मिळत होते. कुणी बोटीतून घोंगड्या पाठवल्या असत्या तर त्या पटकीच्या रोग्याच्या काय कामाच्या? काय हवं हे जागेवरच्या माणसाला कळतं, दर आठवड्याला बदलतं, आणि रोख पैसाच त्याच्यामागे धावू शकतो.

मैफल संपल्यानंतरचे महिने

आता तोच बांगलादेश यजमान आहे. २५ ऑगस्ट २०१७ नंतर काही महिन्यांत म्यानमारमधून सात लाखांहून अधिक रोहिंग्या कॉक्स बाजारला आले. आधीचे धरून तिथे आज दहा लाखांहून जास्त आहेत. १९७१ चे निर्वासित वर्षभरात परतले. हे परतलेले नाहीत. सुरुवातीला कॅमेरे आले, नामवंत आले, पैसा आला. मग जगाची नजर दुसरीकडे वळली. जागतिक अन्न कार्यक्रमाने माणशी महिना १२ डॉलरचं धान्य-कूपन मार्च २०२३ मध्ये १० डॉलरवर आणि जूनमध्ये ८ डॉलरवर आणलं, कारण तिजोरीत तेवढंच होतं. आठ डॉलर म्हणजे तेव्हाचे दिवसाला बावीसेक रुपये. २०२४ मध्ये ते पुन्हा वर नेता आलं.

कार्यक्रमाचा पैसा एकदम येतो आणि भूक महिन्याच्या महिन्याला लागते, ही ती विसंगती. संयुक्त राष्ट्रांची निर्वासित संस्था जवळजवळ पूर्णपणे ऐच्छिक देणग्यांवर चालते. त्यातही सरकारांचा बराच पैसा बांधलेला असतो: अमुक देशासाठी, तमुक कामासाठीच. सुदानमध्ये अचानक गरज निर्माण झाली म्हणून दुसऱ्या देशासाठी बांधलेला पैसा तिकडे वळवता येत नाही. सामान्य माणसाची छोटी देणगी बहुधा मोकळी असते, म्हणून आकाराच्या मानाने तिचं मोल जास्त. २०२४ अखेर जगात १२ कोटी ३२ लाख माणसं बळजबरीने घराबाहेर होती, आणि त्यांतली बहुसंख्य स्वतःच्याच देशात विस्थापित.

मॉलच्या दारात किंवा मेट्रोच्या स्थानकावर एखाद्या मदतसंस्थेचं जाकीट घातलेली तरुण मुलं आपल्याला अडवतात ती अशा मोकळ्या, नियमित पैशासाठीच. आपण पाचशेची नोट पुढे केली तर ती घेत नाहीत, दरमहा खात्यातून वळती होणारी रक्कम मागतात. नोटेचं वावडं नसतं. तांदळाची मागणी काही महिने आधी नोंदवावी लागते आणि पुढच्या महिन्यात किती येणार हे ठाऊक असलं तरच ती नोंदवता येते. मात्र एक गोष्ट ती मुलं सहसा सांगत नाहीत. हे काम बऱ्याचदा बाहेरच्या कंपनीकडे दिलेलं असतं, आणि तिचं शुल्क फिटायला तुमचे सुरुवातीचे बरेच हप्ते लागतात. तिसऱ्या महिन्यात बंद करणार असाल, तर त्यापेक्षा घरी जाऊन संस्थेच्या अधिकृत संकेतस्थळावरून एकदाच दिलेले पाचशे बरे.